मराठवाड्यात तुई ना आणि अ‍ॅक्युप्रेशरचे केंद्र कसे चालवावे

मराठवाड्यात अंग चोळून घेण्याची रीत नवी नाही. बाळंतिणीला आणि बाळाला दाई मालिश करते, उन्हाळ्यात तळपायांची आग होऊ लागली की काशाच्या वाटीने तूप लावून पाय घासले जातात, कंबरेत चमक भरली की गावातल्या जाणत्या माणसाकडे नेले जाते, आणि तुंबडी लावणारी माणसे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहेत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी येथील मुस्लिम वस्त्यांत हिजामा, म्हणजे कप लावून रक्त काढण्याचा उपचार, आजही चालतो. त्यामुळे तुई ना (हातांनी दाबण्या-ढकलण्याची मालिश), कपिंग (त्वचेवर कप चिकटवून ओढ देणे), ग्वा शा (गुळगुळीत पट्टीने त्वचा घासणे) आणि पायांचे अ‍ॅक्युप्रेशर या चिनी परंपरेतल्या अंगोपचारांचे केंद्र येथे काढणाऱ्याला स्पर्शाने आराम पडतो हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. अनोळखी माणसाच्या हाती, पैसे मोजून, आपल्या आईला किंवा बायकोला तासभर सोपवणे सुरक्षित आहे, हे मात्र पटवून द्यावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

लातुरात असे छोटे केंद्र चालवताना माझे एक मत पक्के होत गेले. या धंद्यात मोजून वापरावी अशी मालमत्ता एकच असते, ती म्हणजे उपचार करणाऱ्याच्या हातांचे तास. दर, जागा, नोकरभरती, जाहिरात आणि दुसरी शाखा हे सगळे निर्णय त्या तासांवरून काढावे लागतात. सजावटीवरून किंवा शेजारच्या दुकानाच्या दरावरून काढलेले निर्णय सहसा वर्षभरातच अंगाशी येतात.

आधी काय द्यायचे ते ठरवा

तुई ना हा शब्दच कृती सांगतो : ‘तुई’ म्हणजे ढकलणे आणि ‘ना’ म्हणजे पकडणे. याचे जुने नाव आन-मो असून त्याचे उल्लेख ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात आहेत. तुई ना हे नाव मिंग राजवटीच्या काळात (१३६८ ते १६४४), विशेषतः लहान मुलांच्या उपचारांच्या संदर्भात रूढ झाले, आणि १९५६ साली शांघायमध्ये या विद्येचे पद्धतशीर प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. आपल्या दृष्टीने या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की ती बहुतांशी अंगावरच्या कपड्यांवरून किंवा सुती चादरीवरून करतात. तेल लागत नाही, कपडे उतरवावे लागत नाहीत. अंबाजोगाईची किंवा जिंतूरची मध्यमवयीन बाई तेल-मालिशच्या केंद्रात पाऊल टाकणार नाही, पण पंजाबी ड्रेस घालून, सुनेला शेजारी बसवून, मान-खांदे दाबून घ्यायला ती तयार होते. हा फरक फलकावर आणि पहिल्या फोनवरच स्पष्ट सांगावा, कारण निम्मी भीती तेवढ्यानेच जाते.

सुरुवातीला तीनच सेवा ठेवाव्यात : खुर्चीत बसवून २० मिनिटे मान, खांदे आणि डोके, ४५ मिनिटे पाय, आणि ६० मिनिटांचे पूर्ण तुई ना. कपिंग आणि ग्वा शा यांना स्वतंत्र सेवा करू नये. गरज दिसल्यास मुख्य सत्राच्या आतच ती करावीत. पेटत्या बोळ्याने काचेचे कप लावण्यात भाजण्याचा धोका असतो, म्हणून हवा ओढण्याच्या पंपाचे कप वापरावेत. कपचे गोल डाग आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतात, आणि ग्वा शाने लाल चट्टे उठतात. ही गोष्ट आधी सांगून संमती घ्यावी, आणि लग्न तोंडावर असलेल्या मुलीला तर दोन्ही नकोच म्हणावे. मोक्सा, म्हणजे वाळवलेली वनस्पती जाळून अंगाला दिलेला शेक, बंद वातानुकूलित खोलीत करू नये.

येथे इतिहासाबद्दल एक प्रामाणिकपणा पाळावा. पायाच्या तळव्यावर यकृत, मूत्रपिंड, डोळे दाखवणारा जो रंगीत तक्ता सगळीकडे ‘पाच हजार वर्षांची चिनी विद्या’ म्हणून लावलेला असतो, त्याची आजची मांडणी मुख्यतः विसाव्या शतकातल्या अमेरिकेतली आहे. विल्यम फिट्झजेराल्ड आणि युनिस इंगहॅम यांनी ती घडवली, आणि जोसेफ युगस्टर या स्विस धर्मगुरूंमुळे ती तैवानमध्ये लोकप्रिय होऊन पुढे चिनी भाषिक जगात पसरली. पाय दाबल्याने आराम पडतो, झोप चांगली लागते, एवढे सांगणे पुरेसे आहे. तळव्याचा एक ठिपका दाबून मूतखडा पडतो असे सांगणाऱ्याने स्वतःच्या केंद्रावरचा विश्वास स्वतःच्याच हाताने मोडलेला असतो.

नावाचाही प्रश्न येतो. ‘स्पा’ हा शब्द मी टाळतो, कारण या शब्दाभोवती पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या साचल्या आहेत आणि त्यात प्रामाणिक केंद्रेही झाकोळली जातात. ‘अ‍ॅक्युप्रेशर’ हा शब्द आपल्याकडे चाळीस वर्षांपासून घरोघरी माहीत आहे, म्हणून फलकावर तो आधी आणि ‘तुई ना’ नंतर लिहावा. चिनी म्हटल्यावर काही लोक नाराजीने विचारतात की ही विद्या आपल्याला कशाला हवी. त्यांना मी शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवून देतो. १९३८ साली जे भारतीय वैद्यकीय पथक चीनला गेले त्यात ते होते आणि १९४२ साली तिथेच त्यांचा मृत्यू झाला; त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते भारतात रुजवले. हे ऐकल्यावर परकेपणाचा विषय बहुधा संपतो.

कायद्याची रेघ

सुई टोचणे हा वेगळा प्रांत आहे. महाराष्ट्राने २०१५ साली अ‍ॅक्युपंक्चर उपचार पद्धतीसाठी स्वतंत्र अधिनियम केला आणि केंद्र सरकारने २०१९ साली या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. त्यामुळे राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीशिवाय केंद्रात कोणीही सुई हातात घेता कामा नये. कप लावून रक्त काढणेही तसेच वर्ज्य समजावे. मालक किंवा कर्मचारी यांच्या नावापुढे ‘डॉ.’ किंवा ‘फिजिओथेरपिस्ट’ असे लावू नये, अर्थात ती पदवी आणि नोंदणी खरोखर असेल तर गोष्ट वेगळी.

जाहिरातीबाबत औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याचे परिशिष्ट प्रत्येक केंद्रचालकाने एकदा वाचावे. मधुमेह, रक्तदाब, अर्धांगवायू, लठ्ठपणा, संधिवात, स्त्रियांचे वंध्यत्व अशा ज्या विकारांवर औषध किंवा चमत्कारी उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांची ती यादी आहे. केंद्रातून तेल किंवा मलम विकायचे झाले तर हा कायदा दारातच उभा असतो. नुसत्या सेवेच्या फलकासाठीही मी तीच यादी मर्यादा मानतो, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीही येतात. ‘मान-पाठीचा ताण हलका करण्यासाठी’ हे वाक्य चालते. ‘गुडघेदुखी मुळापासून’ हे चालत नाही, आणि ते खरेही नाही.

बाकीची कागदपत्रे अवघड नाहीत. दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना किंवा नोंदणी, उद्यम नोंदणी (ती विनामूल्य असते, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला देऊ नयेत), व्यवसाय कर आणि चालू खाते एवढ्यावर काम सुरू होते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही; ती ओलांडल्यास, २२ सप्टेंबर २०२५ पासून शारीरिक स्वास्थ्याच्या सेवांवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, पण त्यासोबत इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, हे आपल्या सीएकडून समजून घ्यावे. कर्ज काढायचेच असेल तर मुद्रा योजनेतील ५० हजारांपर्यंतचा ‘शिशु’ आणि ५ लाखांपर्यंतचा ‘किशोर’ हे गट अशा केंद्राला पुरतात. त्याहून मोठे कर्ज पहिल्या वर्षी काढू नये असे माझे ठाम मत आहे.

जागा, उजेड, पाणी

तळमजला घ्यावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना दोन जिने चढायला लावणारे केंद्र मी पाहिले आहे. भाडे कमी होते, आणि माणसेही. दवाखान्यांची गल्ली, बँकांचा चौक किंवा मोंढ्याजवळचा रस्ता चांगला. मोंढ्यात आडते दिवसभर गादीवर वाकून बसतात आणि हमाल पोती वाहतात, म्हणजे मान आणि कंबर धरलेली माणसे हाकेच्या अंतरावर असतात. पाचशे ते सहाशे चौरस फुटांत उपचाराच्या दोन खोल्या, बसायची मोकळी जागा, हात धुण्याची सोय आणि धुतलेल्या चादरींचे कपाट एवढे सगळे बसते.

उजेड पांढरा आणि पुरेसा असावा. मंद लाल दिवे, सुगंधी मेणबत्त्या आणि बंद दारे यांनी शहरातल्या काही ग्राहकांना बरे वाटत असेल, पण येथे ते संशयाला आमंत्रण ठरते. उपचाराच्या खोलीला आतून कडी लावू नये, दाराच्या वरच्या भागात दुधी काच असावी, स्त्रियांना स्त्रीनेच आणि पुरुषांना पुरुषानेच हात लावावा, सोबत आलेल्या माणसाला आत बसू द्यावे, आणि कॅमेरा फक्त प्रवेशद्वाराशी असावा, उपचाराच्या खोलीत कधीही नाही. हे नियम मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि उर्दूत लिहून भिंतीवर लावावेत. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन केंद्राची माहिती आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे कागद देऊन यावे. पुढे कोणी खोडसाळ तक्रार केली तर ही एक भेट फार उपयोगी पडते.

पाण्याचा विचार मराठवाड्यात वेगळा करावा लागतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे येथे कोणी विसरलेले नाही. चिनी पद्धतीत पायांच्या उपचाराआधी पाय गरम पाण्यात बुडवून ठेवतात. एका माणसाला सहा-आठ लिटर धरले तर दिवसाला दहा माणसांमागे साठ ते ऐंशी लिटर पाणी एवढ्यालाच जाते, आणि चादरी-टॉवेल धुण्याचे पाणी वेगळे. फेब्रुवारीनंतर टँकर सुरू झाला की हा खर्च जाणवतो. म्हणून आम्ही पाय बुडवणे बंद करून, वाफेवर गरम केलेला ओला टॉवेल पायांना गुंडाळण्याची पद्धत घेतली. पाणी वाचले, आणि दुसराही एक फायदा झाला : ज्या मधुमेही माणसाच्या पायांची संवेदना गेलेली असते त्याला गरम पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पाय भाजतो. टॉवेलची ऊब आधी कर्मचारी स्वतःच्या मनगटावर पाहतो.

तासांचा हिशेब

हा भाग वही-पेन घेऊन वाचावा. एका माणसाच्या हातांनी दिवसाला पाच तासांहून अधिक खोल दाबाचे काम घेऊ नये. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका व्यक्तीची १३० सत्रे होतात, आणि एक स्त्री व एक पुरुष असे दोघे असले तर २६०. ही केंद्राची कमाल मर्यादा. जाहिरात कितीही केली तरी यापेक्षा जास्त विकायला आपल्याकडे काही नसते.

आता नमुन्यादाखल आकडे मांडू; ते आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. भाडे १२,००० रुपये, दोघांचे पगार मिळून ३२,०००, वीज ४,००० आणि किरकोळ ३,००० असा ५१,००० रुपयांचा खर्च, एकही माणूस आले नाही तरी होतोच. त्याशिवाय प्रत्येक सत्रामागे धुलाई, कागदी अंथरूण, साबण असा ६० रुपयांचा खर्च येतो. ६० मिनिटांचा दर ५०० ठेवला तर प्रत्येक सत्रातून ४४० रुपये उरतात, आणि ५१,००० भागायला महिन्याला ११६ सत्रे लागतात, म्हणजे दिवसाला साडेचारच्या आसपास. क्षमतेच्या ६५ टक्के, म्हणजे १६९ सत्रे भरली तर सुमारे २३,००० रुपये शिल्लक राहतात. मालकाची मेहनत आणि कर्जाचा हप्ता त्यातूनच निघायचा असतो.

याच आकड्यांवर ‘उद्घाटनानिमित्त निम्मा दर’ लावून पाहू. दर २५० झाला की प्रत्येक सत्रातून १९० रुपये उरतात, आणि खर्च भागायला २६९ सत्रे लागतात. क्षमताच २६० आहे. म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत एकही तास रिकामा न ठेवता, दोघांचे हात दुखेपर्यंत काम करूनही महिनाअखेर तोटाच असतो. नवे केंद्र उघडणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब स्वतःच्या हाताने एकदा करावा, कारण सवलतीच्या मोहात हातांचे तास आणि पैसा दोन्ही जातात, आणि निम्म्या दराने आलेला माणूस पूर्ण दराने क्वचितच परत येतो.

सवलत द्यायचीच असेल तर जो तास रिकामाच जाणार आहे त्यात द्यावी. दुपारी दोन ते चार हा वेळ उन्हाळ्यात ओसाड असतो. त्या वेळेत खुर्चीवरचे २० मिनिटांचे सत्र शंभर-सव्वाशेत दिले तरी त्याचा वरखर्च निघून काही उरते, आणि शिक्षक, बँक कर्मचारी, दुकानदार यांना केंद्राची ओळख होते. हमाल आणि बांधकाम मजूर यांच्यासाठी आठवड्यातून एक सकाळ कमी दराची ठेवावी असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या अंगाला या उपचाराची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच तो परवडत नसेल तर केंद्राचे गावाशी नाते अर्धेच राहते.

आगाऊ पैशांबाबत सावध राहावे. दहा सत्रांचे कार्ड दहा टक्के कमी दराने विकावे, त्याची मुदत सहा महिने ठेवावी, आणि न वापरलेल्या सत्रांचे पैसे मागितल्यास परत द्यावेत. कार्डाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून, सत्र झाले की त्याचा वाटा चालू खात्यात वळवावा, कारण तोपर्यंत ते पैसे ग्राहकाचेच असतात. मोठी वार्षिक सदस्यता विकून त्या पैशांतून फर्निचर घेणारे एक केंद्र माझ्या ओळखीत होते. सातव्या महिन्यात हातात सत्रे देणे बाकी होते आणि पगाराला पैसे नव्हते.

हात घडवणे आणि हात टिकवणे

तुई ना उत्तम शिकवणारे आपल्याकडे मोजकेच आहेत, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण नव्हे. कर्मचारी घेताना प्रमाणपत्र पाहावे, पण निर्णय आपल्या पाठीवर पंधरा मिनिटे काम करून घेऊन करावा. चीनमध्ये विद्यार्थी माणसाला हात लावण्याआधी तांदळाच्या पिशवीवर महिनोन्‌महिने सराव करतात. आम्ही जाड मांजरपाटाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरली. रोज सकाळी अर्धा तास तिच्यावर सराव होतो. हाताच्या मागच्या कडेने लाटण्यासारखी फिरवण्याची जी ‘गुन-फा’ नावाची हातोटी आहे, ती बसायला वेळ लागतो, पण एकदा बसली की अंगठ्यावरचा भार खूप कमी होतो.

अंगठा आणि मनगट हेच या धंद्यात आधी झिजतात. केवळ अंगठ्याने दाबणारा माणूस दोन-तीन वर्षांत स्वतःच दुखणेकरी होतो. कोपर, पुढचा हात आणि शरीराचे वजन वापरायला शिकवावे, उपचाराच्या पलंगाची उंची प्रत्येक कर्मचाऱ्याच्या उंचीनुसार ठेवावी, दोन सत्रांच्या मध्ये पंधरा मिनिटे मोकळी सोडावीत आणि आठवड्याची सुट्टी पगारी द्यावी. ग्राहक रांगेत असताना ही पंधरा मिनिटे सोडणे जड जाते, हे मी जाणतो. तरीही ती सोडावीत.

पगार निश्चित असावा आणि त्यावर थोडा प्रोत्साहन भत्ता असावा. नुसत्या कमिशनवर ठेवलेला माणूस नको त्याला नको ते उपचार विकू लागतो. चांगला कर्मचारी ग्राहक घेऊन निघून जाईल ही भीती प्रत्येक मालकाला असते, आणि त्यापायी मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्याचे प्रकार होतात. ते अन्यायाचे आहे आणि त्याने कोणी थांबतही नाही. त्यापेक्षा प्रत्येक नियमित ग्राहकाला एकाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या हातांची ओळख करून द्यावी, नोंदी केंद्राच्या वहीत ठेवाव्यात, आणि तीन वर्षे टिकलेल्या माणसाला नफ्यात वाटा द्यावा. चीनमध्ये दृष्टिहीन व्यक्तींना मालिशचे रीतसर शिक्षण देऊन या व्यवसायात आणण्याची मोठी परंपरा आहे. आपल्याकडेही असे कर्मचारी घ्यावेत. त्यांच्यासाठी खोलीतल्या वस्तूंची जागा न बदलणे एवढीच शिस्त बाकीच्यांना पाळावी लागते.

कर्मचाऱ्यांचीही सुरक्षितता असते, हे विसरू नये. गैरवर्तन करणाऱ्या ग्राहकाला सत्र तिथेच थांबवून बाहेर काढण्याचा पूर्ण अधिकार कर्मचाऱ्याला द्यावा आणि त्या दिवशीचे पैसे बुडाले तरी मालकाने त्याच्या बाजूने उभे राहावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून छोट्या केंद्रातल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे तिला कामावर घेतानाच सांगावे.

कोणाला ‘आज नको’ म्हणायचे

पहिल्या भेटीत एका पानाचा मराठी अर्ज भरून घ्यावा. ताप, अलीकडचे हाड मोडणे किंवा शस्त्रक्रिया, गरोदरपण, कर्करोग, रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, पायाला एकाच बाजूने आलेली सूज आणि दुखणे, हे विचारलेच पाहिजे. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ असताना जोरात चोळले तर जिवावर बेतू शकते. छातीत दाब आणि डाव्या हातात कळ, किंवा पाठदुखीसोबत लघवीवरचा ताबा सुटणे, मांड्यांमध्ये बधिरपणा, पाऊल लोंबकळणे अशी लक्षणे सांगितली की टेबलावर झोपवूच नये. शांत आवाजात, “मावशी, आज हात लावत नाही; आधी डॉक्टरांना दाखवून या, मी फोन लावून देतो,” एवढे म्हणावे आणि पैसे घेऊ नयेत. एका सत्राचे ५०० रुपये त्या दिवशी जातात. पुढच्या महिन्यात त्या मावशींच्या घरातली तीन माणसे येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

यातूनच डॉक्टरांशी नाते जुळते. हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना आपण काय करतो आणि काय करत नाही ते एका पानावर लिहून द्यावे, आणि आलेल्या रुग्णाबद्दल त्याच्या संमतीने दोन ओळींचा निरोप परत पाठवावा. रुग्ण पाठवण्याबद्दल कट देऊ नये. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेतही त्याला मनाई आहे.

माणसे कशी येतात

गावागणिक मागणी वेगळी असते. संभाजीनगरात वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याचे कारखाने आणि वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक आहेत, लातुरात शिकवणीवर्गांचे शिक्षक आणि वाकून अभ्यास करणारी मुले, जालन्यात पोलाद आणि बियाण्यांचे व्यापारी, नांदेडला हुजूर साहिबचे यात्रेकरू. हिंगोली किंवा धाराशिवसारख्या छोट्या शहरात रोजचे केंद्र चालवण्याआधी आठवड्यातून दोन दिवस भाड्याच्या खोलीत बसून पाहावे.

पैशांचा ऋतूही शेतीप्रमाणे फिरतो. सोयाबीन आणि कापूस विकला गेला की दिवाळीच्या आगेमागे हात सैल असतो. जून-जुलैत बी-बियाणे आणि शाळेच्या फीने तो आखडतो, आणि नोकरदारांच्या गावातही त्याची झळ पोहोचते, कारण बाजारपेठच शेतीवर चालते. म्हणून दिवाळी ते लग्नसराईतली शिल्लक बाजूला काढून जून ते ऑगस्टचे पगार सुरक्षित ठेवावेत, आणि प्रशिक्षण, रंगरंगोटी, कर्मचाऱ्यांच्या लांब सुट्ट्या त्या काळात घ्याव्यात.

जाहिरातीवर मी फारसा खर्च करत नाही. गुगल नकाशावर खरे फोटो आणि खऱ्या वेळा असाव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ ठरवता यावी, पण रोज सुविचार पाठवू नयेत. ग्राहकाचा फोटो तर परवानगीशिवाय कुठेही जाता कामा नये. त्याहून फलदायी म्हणजे माणसे जिथे आधीच जमतात तिथे खुर्ची घेऊन जाणे : हिवाळ्यात हुरड्याचे कार्यक्रम, हरिनाम सप्ताह, शिक्षकांची प्रशिक्षणे, बचत गटांचे मेळावे. आषाढी वारीला पैठणहून नाथांची आणि शेगावहून गजानन महाराजांची पालखी मराठवाड्यातून जाते. त्या वाटेवर दोन दिवस वारकऱ्यांचे पाय दाबून द्यावेत. केंद्राचा फलक तिथे लावू नये, कारण ती सेवा आहे, आणि कर्मचाऱ्यांना शंभर वेगवेगळ्या पायांचा जो अनुभव मिळतो तो कोणत्याही वर्गात मिळत नाही.

महिनाअखेरीस वहीत तीनच आकडे लिहावेत : उपलब्ध तासांपैकी किती भरले, पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण सहा आठवड्यांत परत आले, आणि नवे माणूस कोणाच्या सांगण्यावरून आले. पहिला आकडा वाढत असून दुसरा घटत असेल तर जाहिरात काम करत आहे आणि हात कमी पडत आहेत, असे समजून आधी सरावाकडे वळावे. तिसऱ्या रकान्यात ‘आई’, ‘नणंद’, ‘शेजारीण’, ‘मोंढ्यातले काका’ असे शब्द दिसू लागले की दरवाढीचा विचार करता येतो.

दुसरी शाखा काढण्याचा प्रश्न सलग सहा महिने ७५ टक्के तास भरल्याखेरीज घेऊ नये, आणि भरल्यावरही आधी तिसरे हात घ्यावेत. नव्या व्यक्तीला वर्षभर जुन्या केंद्रात घडवावे, तिच्याकडे परत येणाऱ्यांचे प्रमाण जुन्या दोघांच्या बरोबरीला आले की मग जवळच्या जिल्ह्यात, संभाजीनगरचे केंद्र असेल तर साठेक किलोमीटरवरच्या जालन्यात, आठवड्याचे दोन दिवस तिला बसवावे. तिथली वही स्वतंत्र ठेवावी आणि तिथल्या दोन दिवसांचे भाडे, प्रवास आणि पगार तिथल्याच सत्रांतून निघू लागेपर्यंत कायमची जागा भाड्याने घेऊ नये.